वापरलेली मोटरहोम घेताना: ओल, वजन, वीज आणि वॉरंटी कशी तपासावी

भाड्याच्या मोटरहोममधून यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहून परतलेल्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबात 'आपली स्वतःची एक असावी' हा विषय आठवडाभरात निघतोच. त्या आठ दिवसांत डोळ्यांत भरलेल्या गोष्टी म्हणजे पलंग किती, ओटा केवढा, बाहेर सरकणारी खोली आहे का आणि टीव्ही कुठे बसवला आहे. मालकी हातात आल्यावर मात्र संबंध येतो तो छताच्या सांध्यांशी, भिंतीत मुरलेल्या पाण्याशी, टायरांच्या वयाशी आणि वर्कशॉपच्या आवारात गाडी नुसती उभी राहण्यात जाणाऱ्या आठवड्यांशी. हा लेख या दुसऱ्या यादीबद्दल आहे. पहिल्यांदा मोटरहोम घेणारे बरेच जण पाच ते बारा वर्षे वापरलेली, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली क्लास सी गाडी पाहत असतात, म्हणून उदाहरणेही प्रामुख्याने तिचीच घेतली आहेत.

आम्ही स्वतः २०२१ मध्ये २०१४ सालची अशी एक गाडी घेतली. ते वर्ष घाईचे होते. करोनाच्या काळात विमान आणि हॉटेल टाळू पाहणाऱ्यांची मागणी इतकी वाढली होती की त्या एका वर्षात अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आर.व्ही. (मोटरहोम आणि ओढून न्यायची चाकांवरची घरे) बाहेर पडल्या, आणि तो उच्चांक ठरला. जुन्या गाड्याही हातोहात जात होत्या. आम्ही गाडी चालवून पाहिली, फ्रीज थंड आहे याची खात्री केली आणि पैसे दिले. छतावर मात्र चढलो नाही. तिसऱ्या महिन्यात वरच्या पलंगाची गादी उचलली आणि कोपऱ्यातले प्लायवूड अंगठ्याने दाबले, तेव्हा ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे आत गेले.

गाडी एक, जबाबदार तिघे

मोटरहोमच्या दर्जाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिच्या जन्मातच असते. चॅसिस (चाकांवरचा मूळ सांगाडा) आणि इंजिन एका कंपनीचे, त्यावर बांधलेले घर दुसऱ्या कंपनीचे, आणि फ्रीज, थंडीत ऊब देणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, वातानुकूलन यंत्र व जनरेटर हे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या कंपन्यांचे असतात. बसच्या आकाराची क्लास ए गाडी पेट्रोलवर चालणारी असेल तर ती बहुधा फोर्डच्या एफ-५३ चॅसिसवर बांधलेली असते. मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या गाड्यांखाली फ्रेटलायनर किंवा स्पार्टनचे चॅसिस आढळते. क्लास बी म्हणजे स्प्रिंटर, ट्रान्झिट किंवा प्रोमास्टरसारख्या बंद व्हॅनमध्येच थाटलेले घर. क्लास सी गाड्यांत फोर्डचे ई-४५० चॅसिस इतके रूढ आहे की वेगवेगळ्या नावांच्या चार गाड्या एका रांगेत लावल्या तरी चारही स्टिअरिंग सारखीच दिसतात.

यंत्राचा भाग सहसा कमी त्रास देतो, कारण तो वर्षाला हजारो मालमोटारी बनवणाऱ्या साखळीतून येतो आणि त्याचे सुटे भाग कोणत्याही गावात मिळतात. घराच्या भागाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतला हा उद्योग इंडियाना राज्याच्या उत्तरेकडील एल्कहार्ट परिसरात एकवटला आहे. तेथील अनेक कारखान्यांत काम हाताने आणि वेगाने चालते, आणि मजुरी पुष्कळदा तयार झालेल्या नगांवर ठरते. स्क्रू लाकडात पक्का बसला की नुसत्या पत्र्यात फिरला, सांधे बुजवणाऱ्या सीलंटची रेघ सलग गेली की मध्ये तुटली, हे त्या दिवशी त्या जागी उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून राहते. म्हणूनच एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे मालक शेजारी बसून गप्पा मारत असतील, तर एक जण दहा वर्षांत बल्बच काय तो बदलल्याचे सांगतो आणि दुसरा डोक्याला हात लावून बसतो. दोघेही खरेच बोलत असतात. मॉडेलचा लौकिक ऐकून घ्यावा, पण तपासावी ती समोर उभी असलेली गाडी.

दरवाज्याजवळ आर.व्ही. उद्योगसंघटनेचा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ अनेकजण 'दर्जाची हमी' असा लावतात. प्रत्यक्षात ज्या मानकांवर तो आधारलेला आहे ती आग, गॅस, वीज आणि नळकाम यांच्या सुरक्षिततेची आहेत. कपाटाचे दार हातात येणार नाही, एवढे आश्वासनही तो शिक्का देत नाही.

पाणी कुठे मुरते आहे

आपल्याकडे संशय आला की 'कुठेतरी पाणी मुरते आहे' म्हणतात. मोटरहोमच्या बाबतीत हे शब्दशः खरे असते, आणि तपासणीचा निम्मा दिवस याच एका गोष्टीला द्यावा. इंजिन बदलता येते, फ्रीज बदलता येतो, पण ज्या गाडीच्या भिंतींचा सांगाडा कुजला आहे ती गाडी दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीच्या वर सहज जातो. शक्य असल्यास दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर गाडी पाहायला जावे. विकणारा ऊन पडलेला शनिवार सुचवतो; आपण सोमवार मागावा.

सुरुवात छतापासून करावी. गाडीचे छत माणसाचे वजन पेलणारे आहे का, हे आधी विचारावे, आणि पेलणारे असले तरी गुडघ्याखाली प्लायवूडचा तुकडा ठेवून रांगतच पुढे जावे. हवेच्या झरोक्यांभोवती, वातानुकूलन यंत्राजवळ, अँटेनाच्या बुडाशी, न्हाणीघरावरच्या पारदर्शक घुमटाच्या कडेला आणि पुढच्या-मागच्या टोकांच्या पट्ट्यांवर सीलंटचा जाड थर दिसेल. तो लवचिक असावा. त्यावर कोरड्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा असतील, कडा उचलल्या गेल्या असतील किंवा एकावर एक तीन रंगांचे थर चढले असतील, तर आधीच्या मालकाने गळतीचा पाठलाग केला आहे असे समजावे. न्हाणीघरात वापरतात ते पारदर्शक सिलिकोन छतावर दिसले, तर ते विशेष वाईट लक्षण आहे, कारण सिलिकोन जेथे एकदा लागले तेथे पुढचा कोणताही थर धरत नाही आणि ते खरवडून काढण्यातच दिवस जातो.

खाली उतरल्यावर बाजूच्या भिंतींकडे समोरून पाहू नये. गाडीच्या कोपऱ्याशी गाल टेकवल्यासारखे उभे राहून, तिरप्या उजेडात पूर्ण भिंतीवरून नजर फिरवावी. फायबरग्लासची पातळ कातडी आतल्या प्लायवूडपासून सुटली असेल तर तेथे फुगवटा किंवा लाट दिसते आणि बोटाच्या पेराने ठोकल्यावर त्या जागी पोकळ आवाज येतो. हा फुगवटा पाणी आत शिरल्याचाच पुरावा असतो, आणि तो पुन्हा चिकटवून देण्याचे आश्वासन कोणी दिले तरी त्यावर किंमत ठरवू नये.

आतमध्ये शिरताच पहिल्या श्वासाकडे लक्ष द्यावे. दमट घोंगडीसारखा वास येत असेल, किंवा उलट सुगंधी फवाऱ्याचा मारा केलेला असेल, तर तपासणी अधिक कसून करावी. त्यानंतर वरची कपाटे उघडून छत आणि भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यांत टॉर्च मारावा. कपाटाच्या आतली बाजू रंगवण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. पलंगाखालचे कप्पे, मागच्या बंपरजवळचे सामानाचे खण आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या जमिनीचे कोपरे हाताने दाबून पाहावेत. सुताराकडे असते तसले ओलावा मोजण्याचे यंत्र चाळीस-पन्नास डॉलरला मिळते. एका कोरड्या जागेवर त्याचा आकडा घेऊन ठेवावा आणि मग खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत लावत जावे. १५ टक्क्यांच्या आतला आकडा चालतो. २० च्या वर तो सातत्याने जात असेल तर त्या भिंतीच्या पोटात काय चालले आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही.

क्लास सी गाडीचा नाजूक भाग म्हणजे चालकाच्या डोक्यावरचा पुढे आलेला कक्ष. वारा आणि पाऊस सरळ त्याच्या कपाळावर येतात, तेथे पुष्कळदा एक खिडकीही असते, आणि वर पाच पिवळे दिवे स्क्रूने बसवलेले असतात. आमच्या गाडीत पाणी त्या पाचांपैकी मधल्या दिव्याच्या स्क्रूच्या भोकातून शिरत होते आणि लाकडाच्या उतारावरून प्रवास करून डाव्या कोपऱ्यात साठत होते. आम्ही आधी महिनाभर खिडकीलाच दोष देत राहिलो आणि तिच्याभोवती दोनदा सीलंट भरले. पाणी जेथे दिसते तेथे ते क्वचितच शिरलेले असते. शोधण्याची साधी रीत अशी की एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या पाइपने, दाब न देता, खालून वर एकेक सांधा पाच-पाच मिनिटे भिजवत जावे. वरून सुरुवात केली तर सगळेच सांधे एकदम भिजतात आणि काहीच कळत नाही.

वजनाची बेरीज

टायरांबाबत नक्षीच्या खोलीवर जाऊ नये. मोटरहोम वर्षातले दहा महिने उभीच असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर 'डी.ओ.टी.' या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार अंक पाहावेत: २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. सहा-सात वर्षांवरचे टायर दिसायला कितीही चांगले असले तरी सहा नव्या टायरांची किंमत मनातल्या आकड्यातून आधीच वजा करावी. मागच्या चाकांत जोडीने बसवलेल्या आतल्या टायरची तारीख वाचायला गाडीखाली झोपावे लागते. तेथेच जुने टायर लपलेले सापडतात.

वजनाचा मुद्दा गाडी पाहताना कोणाच्या लक्षातही येत नाही. दरवाज्याजवळ किंवा चालकाच्या बाजूला एक पिवळ्या रंगाची चिठ्ठी असते आणि माणसे व सामान मिळून किती वजन चालेल, हा आकडा तिच्यावर छापलेला असतो. ई-४५० वरच्या गाडीचे एकूण मंजूर वजन बहुधा १४,५०० पौंड असते, पण घर जितके मोठे आणि ऐषारामी, तितका त्यातला मोठा भाग घरच खाऊन टाकते. समजा चिठ्ठीवर १,२०० पौंड लिहिले आहेत. चार माणसांचे ६०० पौंड धरावेत. पिण्याच्या पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की एका गॅलनला ८.३४ पौंड या हिशेबाने ३३४ पौंड झाले. उरले २६६ पौंड, आणि त्यात भांडी, कपडे, सायकली, खुर्च्या, हत्यारे व आजीने आग्रहाने दिलेली दहा किलो तांदळाची गोणी बसवायची आहे. आकडा पटत नसेल तर मालमोटारींच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर गाडी नेऊन, प्रत्येक आसाचे वजन वेगळे घेऊन यावे. खर्च फार येत नाही. जास्त वजनाने ब्रेक आणि मागचे टायर आधी जातात, आणि त्याचा दोष लोक चॅसिसला देतात.

इंजिनाची तपासणी कोणत्याही भरवशाच्या मेकॅनिककडून करून घ्यावी. साधारण २०२० पूर्वीच्या फोर्ड क्लास सी गाड्यांत दहा सिलिंडरांचे ६.८ लिटरचे इंजिन येई. ते दणकट म्हणूनच ओळखले जाते, पण एक्झॉस्टच्या जोडाचे बोल्ट तुटण्याची त्याची खोड जुनी आहे. म्हणून गाडी थंड असताना ती सुरू करून, टक्-टक् असा आवाज येतो का, हे कान देऊन ऐकावे. आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावे.

वीज, गॅस आणि नळ

गाडीत विजेच्या दोन दुनिया असतात. दिवे, पंप, भट्टीचा पंखा हे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग १२० व्होल्टवर. कॅम्पग्राउंडवर जोडणी ३० अँपिअरची असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात, आणि ५० अँपिअरची असेल तर दोन तारांवर मिळून १२,०००. नाव ३० आणि ५० असले तरी फरक तिपटीहून जास्त आहे, हे पुष्कळांना उन्हाळ्यातल्या पहिल्या दुपारी समजते. वातानुकूलन १३, मायक्रोवेव्ह १३ आणि पाणी तापवण्याचा विजेचा कांब १२ अँपिअर घेतो. तिन्ही एकदम चालू झाले की ३० अँपिअरचा ब्रेकर उडतो. हा बिघाड नव्हे. घरी गाडीसाठी ३० अँपिअरचा प्लग बसवून घेताना इलेक्ट्रिशियनला तो १२० व्होल्टचाच हवा, असे लिहून द्यावे, कारण त्याच्यासारखा दिसणारा कपडे वाळवण्याच्या यंत्राचा प्लग २४० व्होल्टचा असतो आणि त्या गोंधळात गाडीतली सगळी उपकरणे एका क्षणात जळतात.

फ्रीज हा मालकांच्या तक्रारींतला नेहमीचा पाहुणा. जुन्या गाड्यांत गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा, अमोनिया वापरणारा फ्रीज असतो. त्याला थंड व्हायला तासन्‌तास लागतात आणि गाडी सपाट उभी नसेल तर तो बिघडतो. विकणाऱ्याला तो आदल्या दिवशीच सुरू करून ठेवायला सांगावे, थर्मामीटर आत ठेवून ४० अंश फॅरनहाइटच्या खाली जातो का ते पाहावे, आणि मग आपल्या डोळ्यांसमोर तो गॅसवर लावून पाहावा. बाहेरची जाळी काढल्यावर मागे पिवळी भुकटी दिसली किंवा नाकाला झोंबणारा वास आला, तर थंड करणारे यंत्रच गेले आहे. अशा फ्रीजांच्या काही मालिका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या गेल्या होत्या, म्हणून मॉडेल आणि अनुक्रमांक टिपून घ्यावा.

गॅसची टाकी मोटरहोममध्ये गाडीखाली कायम बसवलेली असते आणि ती ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे घरगुती पातळीवर ठीक आहे, पण खरेदीआधी दाब मोजून गळतीची चाचणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावीच. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या यंत्रांच्या पाठीवर मुदत छापलेली असते. बहुतेकांचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते आणि जुन्या गाड्यांत ती संपलेली आढळतात. येथे आपल्या लोकांसाठी एक खास सूचना करावीशी वाटते. एवढ्याशा खोलीत मिरचीची फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजणारच; तो वाजला म्हणून बॅटरी काढून कपाटात ठेवणारे मी पाहिले आहेत. फोडणीआधी ओट्यावरचा पंखा लावावा, छताचा झरोका आणि एक खिडकी उघडावी, आणि भोंग्याला हात लावू नये.

पाण्याच्या नळांची चाचणी सर्वांत सोपी आणि सर्वांत बोलकी आहे. टाकीत थोडे पाणी घेऊन पंप सुरू करावा, सगळे नळ उघडून हवा जाऊ द्यावी, मग बंद करावेत. पंप काही क्षणांत गप्प व्हायला हवा. त्यानंतर बोलणे थांबवून दहा मिनिटे शांत बसावे. मध्येच पंपाने एकदा 'घर्र' केले तर कुठेतरी थेंब निसटतो आहे. विकणारा म्हणेल की हिवाळ्यासाठी नळांत अँटिफ्रीझ भरले आहे, आता पाणी सोडता येणार नाही. अशा वेळी नळ चालू करून दाखवण्याची अट करारात लिहून घ्यावी किंवा वसंत ऋतूपर्यंत थांबावे.

मलाच्या टाकीबद्दल लाजून विचारायचे राहून जाते. तिचा निर्देशक कायम 'पाऊण भरली' दाखवत असेल तर घाबरू नये, कारण हे दुखणे जवळजवळ सगळ्याच गाड्यांत असते आणि अनुभवी मालक त्याच्याकडे पाहणे सोडून देतात. झडप मात्र गळता कामा नये. रिकामे करताना आधी मलाची टाकी सोडावी आणि नंतर साबणपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. कॅम्पग्राउंडवर पाइप जोडलेला असला तरी मलाच्या टाकीची झडप बंदच ठेवावी. उघडी ठेवल्यास पाणी वाहून जाते, घन भाग मागे राहून वाळतो आणि त्याचा ढीग फोडण्याची वेळ येते.

कागदावर काय मागावे

एवढे सगळे स्वतः पाहूनही, मोठी रक्कम गुंतवण्याआधी स्वतंत्र निरीक्षक नेमावा. राष्ट्रीय आर.व्ही. निरीक्षक संघटनेचे प्रमाणित निरीक्षक मिळतात आणि ते गाडीच्या आकारानुसार काही शे डॉलरपासून हजारावर घेतात. डीलरने सुचवलेला निरीक्षक मात्र घेऊ नये.

परत मागवलेल्या गाड्यांची माहिती राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या यादीत मिळते, पण येथे एक खाच आहे. क्लास सी गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक बहुधा चॅसिसच्या कंपनीने दिलेला असतो. त्यावर शोध घेतला की इंजिन आणि ब्रेकविषयीच्या नोंदी निघतात. घराच्या भागासाठी बांधणाऱ्या कंपनीच्या नावाने आणि उपकरणांसाठी त्यांच्या मॉडेलने पुन्हा वेगळा शोध घ्यावा लागतो.

वॉरंटीची गुंतागुंत जबाबदारांच्या संख्येतून येते. नव्या गाडीत चॅसिसची वॉरंटी वेगळी, घराची वेगळी आणि ती पुष्कळदा एकाच वर्षाची, उपकरणांची पुन्हा ज्याची त्याची. प्रवासात फ्रीज चालेनासा झाला तर फ्रीजवाला तारांकडे बोट दाखवतो, घर बांधणारा अल्टरनेटरकडे आणि चॅसिसवाला परत घराकडे. ग्राहकाला दिलेल्या वॉरंटीचे नियम ठरवणारा १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा देशभर लागू असला तरी सदोष गाडी परत घ्यायला लावणारे कायदे राज्यागणिक बदलतात आणि अनेक राज्यांत ते केवळ चॅसिसपुरते असून राहण्याचा भाग वगळतात. वापरलेल्या गाडीला घराची वॉरंटी सहसा हस्तांतरितच होत नाही. तिच्या जागी विकला जाणारा वाढीव सेवा करार घ्यायचा असेल तर आधी 'वगळलेल्या बाबी' हे पान वाचावे. सीलंट आणि पाण्यामुळे झालेले नुकसान तेथे बहुधा लिहिलेले असते, म्हणजे ज्या आजाराची भीती तोच विम्याबाहेर.

डीलरने 'हे आम्ही नीट करून देऊ' असे जे जे म्हटले असेल, त्याची यादी तारखेसह त्याच्या सहीने घ्यावी आणि कामे संपल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. पैसे हातात पडल्यावर आपली गाडी रांगेत शेवटी जाते, हा जवळजवळ प्रत्येक मालकाचा अनुभव आहे.

वर्कशॉप आणि घरचे अंगण

उन्हाळ्यात वर्कशॉपची तारीख अनेक आठवड्यांनंतरची मिळते. आमच्या त्या कुजलेल्या कोपऱ्यासाठी जवळच्या वर्कशॉपने सात आठवड्यांनंतरची तारीख दिली होती, आणि अनेक ठिकाणी तेथूनच गाडी घेतलेल्यांना आधी घेतात. यावर उपाय असा की बिघाडाचा फोटो, मॉडेल आणि अनुक्रमांक आधी पाठवून सुटा भाग मागवायला सांगावा आणि तो आल्यावरच गाडी न्यावी. अन्यथा गाडी तेथे उभी राहते ती दुरुस्तीसाठी नव्हे, पार्सलची वाट पाहत. तक्रारी तोंडी सांगू नयेत. एका ओळीत एक, आणि केव्हा घडते तेही: 'पंप रात्री दर वीस मिनिटांनी एकदा वाजतो' हे 'पंप खराब आहे' यापेक्षा तासाभराची मजुरी वाचवते. उपकरणे, नळ आणि विजेच्या कामांसाठी घरी येणारे फिरते तंत्रज्ञ मिळतात आणि मला तरी तो मार्ग अधिक पसंत आहे. मोठ्या भिंतीचे काम, गॅसची नळी आणि ब्रेक मात्र वर्कशॉपकडेच सोपवावेत.

आम्ही तो कोपरा अखेर स्वतःच, सुतारकाम जाणणाऱ्या एका मित्राच्या मदतीने, तीन शनिवार-रविवारांत दुरुस्त केला. काळे पडलेले लाकूड कोरडे, टणक लाकूड लागेपर्यंत कापून काढले, आठवडाभर पंखा लावून वाळवले, नवा तुकडा बसवला. दिवे काढून त्यांच्याखाली पाणी अडवणारी चिकट ब्यूटिल टेप लावून पुन्हा बसवले. लाकूड वाळू न देता वरून झाकणे ही या कामातली सर्वांत महाग घाई आहे.

कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसे वर्षातून किमान दोनदा छतावर चढून सांधे पाहावेत. सपाट जागी आपोआप पसरणारे सीलंट वापरावे, उभ्या जागी न ओघळणारे. छताच्या रबराला कोणता पदार्थ चालतो ते डब्यावर वाचूनच घ्यावे, कारण पेट्रोलजन्य द्रावणाने काही छते फुगतात. जनरेटर वापरात नसला तरी महिन्यातून एकदा अर्ध्या भारावर दोन तास चालवावा, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी ऑक्टोबरअखेर नळांतले पाणी काढून टाकावेच लागते. पाणी तापवण्याची टाकी थंड झाल्यावर रिकामी करून तिला वगळून जाणारी वळणवाट सुरू करावी आणि पंपाने गुलाबी रंगाचे, खास आर.व्ही.साठीचे अँटिफ्रीझ प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत फिरवावे. शौचकुंड आणि बाहेरचा शॉवर हमखास विसरले जातात. इंजिनात घालतात ते हिरवे अँटिफ्रीझ विषारी असते, ते या नळांत कधीही घालू नये. वसंतात ते धुऊन काढल्यावर टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप या प्रमाणात साधे, बिनसुगंधी ब्लीच पाण्यात मिसळून सगळ्या नळांत खेळवावे, रात्रभर तसेच राहू द्यावे, आणि सकाळी ताज्या पाण्याने टाकी दोन-तीनदा भरून, वास पूर्ण जाईपर्यंत नळ वाहू द्यावेत.